रिकाम्या जाळ्याची रात्र

शास्त्रपाठ : योहान, अध्याय २१, वचनें १ ते १४



आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत समुद्र नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळांनीं तो पाहिलाहि नसेल. तरी आपल्या रानांत पडलेला पाऊस दोन समुद्रांस जाऊन मिळतो, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. मलकापूर, नांदुरा व शेगांव या बाजूचें पाणी पूर्णेंत उतरतें. पूर्णा तापीस मिळते, आणि तापी पश्चिमेच्या अरबी समुद्रास. बुलढाण्याजवळच्या डोंगरांत उगम पावणारी पैनगंगा मात्र पूर्वेकडे वळते. तिचें पाणी वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांच्या वाटेनें बंगालच्या उपसागरास पोंचतें. तेव्हां समुद्रावरच्या कोळ्यांची गोष्ट आपल्यास अगदींच परकी आहे, असें कोणीं समजूं नये.

शिवाय नळगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा या धरणांवर जाळीं लावणारे भोई बांधव आपण पाहतोंच. संध्याकाळीं थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा ट्रकच्या ट्यूबवर बसून एकटा मनुष्य पाण्यांत जातो, जाळें लावून येतो, आणि पौषांतल्या पहाटे गार पाण्यांत हात घालून तें काढतो. जाळें हातास जड लागलें तर त्याचें मन हलकें होतें. जाळें हलकें लागलें तर मन जड होतें. आजच्या शास्त्रपाठांत अशाच एका पहाटेची हकीकत आहे.

प्रथम ती जागा समजून घेऊं. तिबिर्य समुद्र म्हणजेच गालील समुद्र. नांव समुद्राचें असलें तरी तें गोड्या पाण्याचें सरोवर आहे. त्याची लांबी सुमारें २१ किलोमीटर व रुंदी सुमारें १३ किलोमीटर असून तें समुद्रसपाटीच्या खालीं २०० मीटरांहून अधिक खोल जागीं वसलेलें आहे. हर्मोन पर्वतावरील बर्फाचें पाणी यार्देन नदीच्या वाटेनें त्यांत येतें. हिवाळ्यांत तें सरोवर इतकें गारठतें कीं, कित्येक मासे उबेच्या शोधांत, जेथें गरम पाण्याचे झरे त्यास मिळतात त्या किनाऱ्याशीं दाटी करतात. शास्त्रपाठांतले दिवस वल्हांडणानंतरचे, म्हणजे वसंत ऋतूचे. दिवसा ऊन असे, पण रात्र व पाणी थंड असे. आणि मासे धरण्याचें काम बहुधा रात्रींच करावें लागे. त्या काळचीं जाळीं जवसाच्या धाग्याचीं असत. दिवसा तीं माशांस दिसत व मासे दूर पळत.

१९८६ सालीं अवर्षणामुळें या सरोवराचें पाणी ओसरलें, तेव्हां तळच्या चिखलांत एक जुनी होडी सांपडली. ती आपल्या प्रभूच्या काळाच्या सुमाराची आहे, असें तज्ज्ञांनीं ठरविलें. ती सुमारें ८ मीटर लांब व सव्वादोन मीटर रुंद आहे. तिच्यांत दहाहून अधिक जातींचें लाकूड आढळलें. जेथें मोडलें तेथें मिळेल तें लाकूड ठोकून कोणा गरीब कोळ्यानें ती वर्षानुवर्षें चालती ठेविली असावी. पेत्र व त्याचे सोबती ज्या होडींत बसले तीहि अशीच असेल. श्रीमंताचें जहाज तें नव्हे; ठिगळें लावून चालविलेला तो गरिबाचा संसार होता.

आतां गोष्टीकडे वळूं.

पहिली गोष्ट ही कीं, पेत्र त्या रात्रीं एकटा गेला नाहीं.

आपण मासे धरावयास जातों, एवढेंच शिमोन पेत्रानें सांगितलें. त्यानें कोणास बोलाविलें नाहीं. त्याच्या मनांत काय चाललें असेल याचा विचार करा. थोड्याच दिवसांपूर्वीं प्रमुख याजकाच्या अंगणांत विस्तवाजवळ शेकत असतां त्यानें आपल्या प्रभूस तीनदां नाकारलें होतें. प्रभु उठला आहे हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें होतें. पण त्या तीन नाकारण्यांविषयीं प्रभूचें व त्याचें उघड बोलणें झाल्याचें योहानानें अद्याप सांगितलेलें नाहीं. अशा मनाचा मनुष्य जेव्हां रात्रीं उठून, "मी जरा जाऊन येतों," म्हणतो, तेव्हां शहाण्या मित्रानें काय करावें? त्या सहा जणांनीं त्यास अडविलें नाहीं, उपदेश केला नाहीं, जुनी गोष्ट काढली नाहीं. आम्हीहि येतों असें म्हणून ते होडींत बसले.

ते सहा कोण, तें पाहा. संशय घेणारा थोमा त्यांत होता. काना गांवचा नथनेल होता. काना हें गांव सरोवरापासून दूर, आंतल्या भागांत होतें, आपल्या गांवांसारखें. नथनेल हा धंद्यानें कोळी होता असें शास्त्रांत कोठें लिहिलेलें नाहीं. जाळें टाकण्याचा त्यास कितपत उपयोग झाला असेल कोण जाणे; पण तो गेला. जब्दीचे दोघे पुत्र होते. आणि आणखी दोघे शिष्य होते, त्यांचीं नांवें योहानानें लिहिलेलीं नाहींत. प्रिय सुवार्तिक बंधूंनो, पायीं किंवा सायकलीवर गांवोगांव फिरणाऱ्या, कोणत्याहि अहवालांत नांव न येणाऱ्या सेवकांनो, त्या दोन निनांवी शिष्यांकडे पाहून धीर धरा. त्यांचें नांव राहिलें नाहीं. पण त्या रात्रीं पेत्र एकटा नव्हता, यांत त्यांचा वांटा आहे.

दुसरी गोष्ट ही कीं, रिकामें जाळें हा अपराध नव्हे.

ते आळशी नव्हते. त्यांतले निदान तिघे याच पाण्यावर वाढलेले होते. वेळ योग्य होती, जाळें नीट होतें, श्रम पुरे होते; तरी रात्रभर एक मासा मिळाला नाहीं. प्रभु किनाऱ्यावर उभा राहिला तेव्हां त्यानें, तुम्हीं कोणतें पाप केलें म्हणून जाळें रिकामें राहिलें, असें विचारलें नाहीं. तुमच्याजवळ कांहीं खावयास आहे काय, एवढेंच त्यानें विचारलें.

बंधुजनहो, आपल्या भागांत रिकाम्या जाळ्याची रात्र म्हणजे काय, हें सांगावयास नको. कपाशी व सोयाबीन पेरणाऱ्या घरांस ती ठाऊक आहे. एका वर्षीं पाऊस डोळे लावावयास लावतो. दुसऱ्या वर्षीं सोंगणीच्या वेळीं कोसळून उभें पीक कुजवितो. आणि दोन्हीं संकटांतून माल वांचला तर बाजारांत भाव पडतो. २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भांतील सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची मदत योजना जाहीर केली, ती शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें. आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम व वर्धा यांच्या बरोबरीनें त्या सहांत आपल्या बुलढाण्याचें नांव होतें. तेव्हांपासून पुष्कळ वर्षें लोटलीं, योजना आल्या व गेल्या. पण तें दुःख आपल्या गांवांतून गेलेलें नाहीं.

अशा वेळीं आपल्या तोंडून काय निघतें? "तो दारू पीत होता." "त्यानें मुलीच्या लग्नांत नको तितका खर्च केला." "त्याचा विश्वास दुबळा होता." हें बोलणें होडीच्या बाहेर, कोरड्या जागीं बसून केलेलें आहे. ज्या घरांत असा मृत्यु घडला त्या घराची पायरी टाळणें, त्या विधवेस प्रभुभोजनाच्या दिवशीं मागल्या रांगेंत एकटी बसूं देणें, तिच्या मुलांसमोर कुजबुजणें, हें ख्रिस्ताच्या मंडळीस शोभत नाहीं. मेलेल्याचा न्याय देव करील. तो त्याचा अधिकार आहे. जिवंतांस धरून ठेवणें हें आपलें काम आहे.

आणि या ठिकाणीं त्या सात जणांचें उत्तरहि लक्षांत घ्या. प्रभूनें विचारलें तेव्हां, "बघतों, होईल कांहींतरी," असें ते म्हणाले नाहींत. आपल्याजवळ कांहीं नाहीं, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. कसलेल्या कोळ्यास किनाऱ्यावरच्या अनोळखी माणसास हें सांगणें सोपें नसतें. शेतकऱ्यासहि तें सोपें नाहीं. घरांत दाणा नसतांना पाहुण्यास चहा पाजणारीं आपण माणसें. सावकाराचा तगादा बायकोपासूनसुद्धां लपविणारीं आपण माणसें. पण उजव्या बाजूस जाळें टाकण्याची आज्ञा त्या "नाहीं" नंतर आली. ज्यानें आपलें नाहींपण कोणापुढें तरी उघडें केलें, त्यास पुढचा शब्द ऐकूं येऊं शकला. म्हणून मी तुम्हांस विनवितों : तुमचें जाळें रिकामें असेल तर तें आपल्या घरच्यांस सांगा, पाळकास सांगा, एका भरंवशाच्या मित्रास सांगा. आणि ज्यास हें सांगितलें जाईल त्यानें तें चावडीवर नेऊं नये.

तिसरी गोष्ट ही कीं, भरलेलें जाळें पुष्कळ हातांनीं ओढावें लागतें, आणि त्याची वांटणी होते.

येथें मला मालवणच्या किनाऱ्यावर पाहिलेली रापण आठवते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचें फार लांब जाळें. तें कोणा एकाच्या मालकीचें नसतें. पुष्कळ घरांनीं आपापले तुकडे आणून जोडलेले असतात. एका थंडीच्या दिवसांत आम्ही चौघे सेवक-मित्र तिकडे गेलों असतां तेथल्या गाबीत बांधवांनीं आम्हांस आपल्या दिवसभराच्या कामांत घेतलें. पहाटे दोराचें एक टोंक किनाऱ्यावरच्या मंडळींच्या हातीं ठेवून होडी निघाली. वल्हीं मारीत, मागें जाळें सोडीत, अर्धचंद्रासारखा वळसा घेऊन ती दूर दुसऱ्या जागीं किनाऱ्यास लागली. मग दोन्हीं टोंकांस माणसें लागलीं. पुरुष, बायका, शाळेंत जाणारीं पोरें, म्हातारे. कोणी कमरेइतक्या पाण्यांत उभे राहिले. वाळूंत टांचा रोवीत मागें मागें सरावयाचें, शेवटच्या माणसानें दोर सोडून पुढें जाऊन पुन्हां पाण्याकडचा दोर धरावयाचा, असें तासन्‌तास चाललें. दोन्हीं रांगा हळूहळू एकमेकींच्या जवळ आल्या. पहिल्या ओढीस शेवाळ व मूठभर पेडवे निघाले. कोणी कोणास बोल लाविला नाहीं. जाळें पुन्हां होडींत भरलें. दुपारच्या ओढीस बांगडे मिळाले.

मग वाळूवर वांटे पडले. होडीचा वांटा, जाळ्याच्या तुकड्यांचे वांटे, अंगमेहनतीचे वांटे. आम्ही परके, आमच्या ओढण्याचा उपयोग तो काय! तरी आमच्या पुढेंहि बांगडे आले. आम्ही नको म्हणूं लागलों तेव्हां एका वृद्ध कोळ्यानें समजावून सांगितलें कीं, दोरास हात लाविल्यावर रिकाम्या हातानें जाऊं देण्याची तेथें रीत नाहीं. तेथेंहि रिकाम्या ओढीचें दुःख वाढलें आहे. मोठ्या यांत्रिक नौका पर्ससीन नांवाच्या जाळ्यांनीं माशांचे थवेच्या थवे वेढून नेतात, अशी त्या गरिबांची तक्रार आहे. राज्य सरकारनें २०१६ सालीं त्या जाळ्यांवर निर्बंध घातले, तरी तंटा मिटलेला नाहीं. म्हणजे रिकाम्या जाळ्याचें कारण पुष्कळदां कोळ्याच्या हाताबाहेरचें असतें, जसा कपाशीचा भाव शेतकऱ्याच्या हाताबाहेरचा असतो.

ही रापण डोळ्यांपुढें ठेवून आतां तें गालीलांतलें जाळें पाहा. प्रभु आहे हें कळतांच पेत्रानें थंड पाण्यांत उडी घेतली. ती त्याच्या प्रीतीची उडी होती, तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. पण जर सातहि जणांनीं उडी घेतली असती तर जाळ्याचें काय झालें असतें? बाकीचे सहा जण होडींत राहिले आणि सुमारें ९० मीटरांचें तें अंतर त्यांनीं भरलेलें जाळें ओढीत काटलें. मंडळींत उडी घेणारे थोडे असतात, आणि त्यांच्या साक्षीनें आपणांस आनंद होतो. परंतु जाळें ओढणारे नसतील तर ओढून आणावयाचें तें पाण्यांतच राहील. पुढें किनाऱ्यावर पेत्रानेंहि जाळ्यास हात लाविला. मासे मोजले तेव्हां १५३ मोठे मासे भरले. या आंकड्याचे गूढ अर्थ विद्वानांनीं पुष्कळ लाविले आहेत. मला साधी गोष्ट दिसते ती ही : जेथें एका जाळ्याचे अनेक धनी असतात तेथें मासे मोजावे लागतात, कारण ते वांटावयाचे असतात. आणि इतके मासे असूनहि जाळें फाटलें नाहीं.

आपल्या मंडळींत चार घरें असोत कीं चाळीस, जाळें एकच आहे. पूर्वी कोण कोणत्या वस्तींतला, कोणाचा आजा कोणाच्या दारांत उभा राहत असे, या गांठी अजून कोठें कोठें शिल्लक आहेत. आणि दोन घरांच्या भांडणांत तिसऱ्याचा दोर सुटतो. एका विधवेची दोन एकर जमीन पेरणीच्या दिवशीं मंडळीनें मिळून पेरून द्यावी. ज्याचे बैल विकले गेले त्यास आपली जोडी एक दिवस द्यावी. बचत गटांतल्या बहिणींनीं, हप्ता चुकला त्या बाईस सभेंत खालीं मान घालावयास लावण्यापूर्वीं, तिच्या घरीं जाऊन चूल पाहावी. आभारप्रदर्शनाच्या दिवशीं वेदीपुढें आणलेल्या धान्यांतून पहिला वांटा त्या घरीं जावा, ज्याच्या शेतांत यंदा कांहीं पिकलें नाहीं. त्यानें दोरास हात लाविला होता. त्यास रिकाम्या हातानें कां जाऊं द्यावें?

चौथी गोष्ट किनाऱ्यावरच्या विस्तवाची.

रापण ओढतांना एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. आपल्याकडे थंडीच्या पहाटे समुद्राचें पाणी हवेपेक्षां उबदार असतें. पाण्यांत असेपर्यंत फारसें कळत नाहीं. बाहेर आल्यावर, ओल्या अंगास जमिनीवरून येणारा मतलई वारा लागला म्हणजे मग दांत वाजूं लागतात. माणसाच्या दुःखाचेंहि असेंच असतें. घरांत मृत्यु घडतो त्या दिवशीं अंगण भरलेलें असतें. पुढारी येतात, नातलग येतात, धनादेशाच्या गोष्टी होतात. खरी थंडी पंधरा दिवसांनीं वाजते, जेव्हां पाहुणे जातात, दिवा लवकर मालविला जातो, आणि मागें राहिलेल्यांच्या डोक्यावर तेंच कर्ज असतें.

प्रभूनें हें जाणलें होतें. ओलेचिंब, उपाशी, जागरणानें थकलेले सात जण वर आले, तेव्हां तेथें कोळशाचा विस्तव तयार होता, त्यावर मासळी होती व भाकर होती. मूळ ग्रीक भाषेंत कोळशाच्या विस्तवास जो शब्द आहे तो नव्या करारांत दोनच ठिकाणीं येतो : एकदां त्या अंगणांत, जेथें पेत्रानें नाकारलें, आणि दुसऱ्यांदा येथें, जेथें त्यास जेवावयास बोलाविलें. लाजेच्या त्या विस्तवासमोर प्रभूनें स्नेहाचा विस्तव पेटविला. प्रश्न मागाहून विचारले. आधीं अंग शेकूं दिलें व पोटास घातलें. आणि स्वतःजवळ मासळी असतांहि त्यानें त्यांनीं धरलेल्या माशांतूनहि कांहीं आणावयास सांगितलें, म्हणजे देणाऱ्याच्या पंगतींत त्यांचाहि मान राहिला.

म्हणून माझी विनंति कृतीची आहे. या आठवड्यांत प्रत्येक सेवकानें व प्रत्येक वडील मंडळीनें आपल्या गांवांतलें एक घर मनांत धरावें : जो दोन महिने उपासनेस आला नाहीं त्याचें, ज्याची विहीर आटली त्याचें, ज्याच्या घरचा कर्ता गेला त्याचें. तेथें जावें. भाकरी बांधून न्यावी. पहिल्या भेटींत कर्जाचा आंकडा विचारूं नये, वचनांचा भडिमार करूं नये, बसावें, ऐकावें. तो मनुष्य जगण्यास कंटाळल्याचें बोलूं लागला तर तें बोलणें हंसण्यावारी नेऊं नये आणि त्यास त्या रात्रीं एकटें सोडूं नये. घरांतल्या फवारणीच्या औषधाचा डबा त्याच्या हातापासून दूर, दुसऱ्याच्या ताब्यांत ठेवावा. श्रीलंकेंत अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यानंतर अशा मृत्यूंची संख्या पुष्कळच उतरली, हें जाणत्यांनीं दाखवून दिलें आहे. विष हाताशीं नसलें म्हणजे ती घडी टळते, आणि टळलेली घडी पुष्कळदां परत येत नाहीं. सरकारी दवाखान्यांत दाखविण्यास लाजूं नये. १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस नांवाची सरकारी सेवा आहे. तेथें फोन केल्यास पैसे न घेतां धीराचें व माहितीचें बोलतात. दवाखाना व प्रार्थना यांचें वैर नाहीं. ज्या प्रभूनें जाळें भरलें त्यानेंच विस्तवहि पेटविला.

आपल्यापैकीं कोणी आज स्वतःच त्या रात्रींत असेल. त्यास मी एवढेंच सांगतों : पहाटे प्रभु किनाऱ्यावर उभा होता, तरी तो प्रभु आहे हें त्या सात जणांस प्रथम कळलें नव्हतें. न ओळखल्यानें तो तेथें नव्हता असें झालें नाहीं. बंधो, भगिनी, होडी सोडूं नका. आपल्या सोबत्यांस हांक मारा.

हे प्रभो, ज्याचें जाळें आज रिकामें आहे त्याच्या होडींत चढण्याची आम्हांस बुद्धि दे. ज्यास आज मिळालें आहे त्यास वांटण्याचें मन दे. ज्या घरांतून माणूस गेला तेथें आमचे पाय वळव, आणि थंडीनें कांपणाऱ्यांस आमच्या चुलीची ऊब मिळूं दे. आमेन.